टीव्ही न पाहणाऱ्या घरानेही पैसे का भरायचे?

जर्मनीत नव्या घरात राहायला गेलं की स्थानिक नोंदणी कार्यालयात पत्ता नोंदवणं सक्तीचं असतं. तो नोंदवला की काही आठवड्यांत टपालाने एक पत्र येतं: या पत्त्यावर प्रसारणाची वर्गणी कोण भरतंय? महिना १८.३६ युरो, म्हणजे वर्षाला २२० युरोंच्या आसपास. एका घरात तीन विद्यार्थी मिळून राहत असतील तर तिघांनी नाही, एकानेच भरायची. बाकीचे दोघे त्याचा वर्गणी क्रमांक कळवतात आणि मोकळे होतात. ‘आमच्याकडे टीव्ही नाही, रेडिओही नाही’ असं उत्तर पाठवून उपयोग नसतो. घर आहे, म्हणजे वर्गणी आहे. नाही भरली तर स्मरणपत्र येतं, मग विलंब आकार लागतो, आणि त्यालाही दाद दिली नाही तर वसुली अधिकारी दारात येतो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही सरळ सरळ जबरदस्ती वाटते. जी वस्तू मी मागितली नाही, वापरत नाही, तिचे पैसे मी का द्यायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘कायदा आहे म्हणून’ हे उत्तर पुरेसं नाही. ब्रिटन, स्वित्झर्लंड, जपान, दक्षिण कोरिया, फ्रान्स अशा अनेक देशांत यावर निवडणुका, खटले आणि सार्वमत झालं आहे. माझं मत आधीच सांगतो: प्रत्येक घराने सार्वजनिक प्रसारणाला हातभार लावावा, सक्तीनेच लावावा. पण आज बहुतेक ठिकाणी तो ज्या पद्धतीने घेतला जातो ती गरिबांवर अन्याय करणारी आहे, आणि काही ठिकाणी तर क्रूर आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आधी एक गल्लत दूर करू. सार्वजनिक प्रसारण म्हणजे सरकारी वाहिनी नव्हे. सरकारी वाहिनीवर काय दाखवायचं हे अंतिमतः मंत्रालय ठरवतं. खाजगी वाहिनीचं अस्तित्व जाहिरातदारावर किंवा मालकाच्या भांडवलावर अवलंबून असतं. सार्वजनिक प्रसारण संस्था या दोघांपासून वेगळी, कायद्याने नेमून दिलेलं काम करणारी आणि जनतेला उत्तरदायी असावी अशी कल्पना आहे. ब्रिटनची बीबीसी, जपानची एनएचके, जर्मनीतल्या एआरडी आणि झेडडीएफ, स्वित्झर्लंडची एसआरजी ही त्यातली ठळक नावं. ही कल्पना प्रत्यक्षात किती उतरते हे बऱ्याच अंशी एका गोष्टीवर ठरतं: संस्थेच्या आर्थिक नाड्या कोणाच्या हातात आहेत?

परवान्यापासून घरटी वर्गणीपर्यंत

ब्रिटनमध्ये १९२२ साली रेडिओ ऐकण्यासाठी १० शिलिंगांचा वार्षिक परवाना सुरू झाला. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये टीव्हीसाठी २ पौंडांचा परवाना आला. त्या काळात हा हिशेब चोख होता. रेडिओ संच घरात आहे म्हणजे तो ऐकण्यासाठीच आहे, आणि ऐकायला आहे ते एकच केंद्र. म्हणजे जो ऐकतो तो भरतो.

भारतातही हीच पद्धत होती. रेडिओसाठी परवान्याचं पुस्तक असायचं, दरवर्षी पोस्टात जाऊन त्यात तिकीट लावून नूतनीकरण करावं लागायचं, आणि निरीक्षकाला घरात किंवा दुकानात येऊन परवाना तपासायचा अधिकार होता. रेडिओला वर्षाला १५ रुपये, टीव्हीला ५० रुपये असा तो दर शेवटच्या काळात होता. १९८०च्या दशकाच्या मध्याला हे शुल्क रद्द झालं आणि आकाशवाणी, दूरदर्शन सरकारी तिजोरी आणि जाहिराती यांवर चालू लागली. पुढे १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला, १९९७ मध्ये तो अमलात आला आणि कागदोपत्री स्वायत्तता मिळाली. पण पगाराचं अनुदान मंत्रालयाकडूनच येत राहिलं. शुल्क गेल्याने लोकांची कटकट वाचली हे खरंच. संस्थेचं सरकारशी असलेलं नातं मात्र त्याने सैल झालं नाही, उलट घट्ट झालं. त्या वेळी यावर फारशी चर्चा झाली नाही याची मला आजही खंत वाटते.

संच आणि शुल्क यांची ही जोडी पुढे तंत्रज्ञानानेच तोडली. फोनवर बातम्या, लॅपटॉपवर मालिका, टीव्हीवर परदेशी कंपन्यांचे सशुल्क मंच. मग परवाना कशाचा? ब्रिटनने २०१६ मध्ये बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवर दाखवणारा आयप्लेअर वापरायलाही परवाना लागेल असा नियम केला. पण कोण काय पाहतं हे घराबाहेरून कसं कळणार? म्हणून बऱ्याच देशांनी संचाचा नाद सोडला आणि तिथून त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

जर्मनीने २०१३ पासून आणि स्वित्झर्लंडने २०१९ पासून थेट घरटी वर्गणी लावली. फिनलंडने २०१३ मध्ये उत्पन्नाशी जोडलेला स्वतंत्र प्रसारण कर आणला. स्वीडनने २०१९ मध्ये तेच केलं. फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोंचं शुल्क रद्द करून मूल्यवर्धित कराचा एक हिस्सा सार्वजनिक प्रसारणाला दिला. नॉर्वे आणि डेन्मार्कनेही परवाना मोडीत काढून सर्वसाधारण करांतून पैसा द्यायला सुरुवात केली. इटलीने शुल्क ठेवलं, पण २०१६ पासून ते वीजबिलात घातलं. त्याआधी एक चतुर्थांशाहून जास्त घरं ते बुडवत होती, नंतर ते प्रमाण अगदी थोडं उरलं.

पाहणारा एक, फायदा दुसऱ्याला

आता मूळ प्रश्नाकडे. न पाहणाऱ्याने का भरायचं?

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू नावाची संकल्पना आहे. अशा वस्तूच्या दोन खुणा असतात. एकाने वापरली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही, आणि पैसे न देणाऱ्याला तिच्यापासून दूर ठेवणं अवघड असतं. हवेतून येणाऱ्या रेडिओलहरी या व्याख्येत तंतोतंत बसत होत्या. विरोधक म्हणतात की आज दुसरी खूण उरलेली नाही: प्रक्षेपण कुलूपबंद करता येतं, जो वर्गणी भरेल त्यालाच पासवर्ड द्या. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जुन्या युक्तिवादावर विसंबून राहू नये असं मला वाटतं. खरा युक्तिवाद वेगळा आहे. सार्वजनिक प्रसारणाचा मोठा फायदा पाहणाऱ्याला होतोच, पण न पाहणाऱ्यालाही होतो, आणि त्या दुसऱ्या फायद्याचं बिल कोणाच्या नावाने फाडता येत नाही.

१ जानेवारी २०२४. जपानच्या नोतो द्वीपकल्पाला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. दुपारचे चार वाजून गेले होते, वर्षाचा पहिला दिवस, लोक कुटुंबासोबत घरी. एनएचकेची वृत्तनिवेदिका नेहमीचा शांत सूर सोडून जवळजवळ ओरडून सांगत होती: त्सुनामी येतेय, आत्ताच्या आत्ता पळा, मागे वळून पाहू नका. पडद्यावर मोठ्या अक्षरांत तोच इशारा होता आणि तो मुलांनाही वाचता येईल अशा साध्या लिपीत होता. हा सूर त्या क्षणी सुचलेला नव्हता. २०११च्या त्सुनामीत अठरा हजारांहून अधिक माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. त्यानंतर एनएचकेने आपल्या पद्धतीची तपासणी केली. शांत आवाजातल्या सूचनांनी लोक घराबाहेर पडत नाहीत हे ध्यानात घेऊन तिने निवेदकांच्या बोलण्याची धाटणीच बदलली आणि त्याचा सराव केला. वर्षानुवर्षं बहुधा कधीच लागणार नाही अशा प्रसंगासाठी तयारी ठेवायची, देशभर यंत्रणा आणि माणसं सज्ज ठेवायची, हे जाहिरातीच्या हिशेबात कुठे बसतं? आणि तो आवाज ऐकून शेजारच्याने आपल्याला हाक मारली व आपण वाचलो, तर आपण ते केंद्र पाहत होतो की नाही याला काय अर्थ?

दुसरं उदाहरण इतकं नाट्यमय नाही, पण मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. स्वित्झर्लंडमध्ये चार राष्ट्रीय भाषा आहेत. त्यातली रोमान्श ही डोंगराळ ग्राउब्युंडेन प्रांतातली भाषा बोलणारे लोक जेमतेम ४० ते ६० हजार. त्यांच्यासाठी रोमान्शमध्ये रेडिओ चालतो आणि टीव्हीवर ‘तेलेस्गुआर्द’ नावाचं बातमीपत्र असतं. इतक्या छोट्या बाजारपेठेसाठी कोणतीही खाजगी कंपनी बातमीदार, संपादक, कॅमेरामन नेमणार नाही. नेमले तर बुडेल. इटालियन भाषक तिचिनो प्रांताचंही तसंच. तिथले लोक वर्गणीत जितकी भर घालतात त्याच्या कितीतरी पट पैसा त्यांच्या भाषेतल्या कार्यक्रमांवर खर्च होतो, आणि हा फरक मुख्यतः जर्मन भाषक घरं भरून काढतात. झ्युरिकमधलं एखादं कुटुंब रोमान्श बातम्या आयुष्यात कधी ऐकणार नाही. तरी त्या बातम्या असल्याने त्याच्या देशात चार भाषा बोलणारे लोक एका सार्वमताचा विषय एकाच वेळी, आपापल्या भाषेत, सारख्याच दर्जाने समजून घेऊ शकतात.

शहरात आग लागलीच नाही म्हणून कोणी अग्निशमन दलाचे पैसे परत मागत नाही. सार्वजनिक प्रसारणाचा काही भाग या जातीचा आहे. सगळा मात्र नाही, आणि हा ‘सगळा नाही’ नीट लक्षात ठेवायला हवा. फुटबॉलच्या सामन्यांचे महागडे हक्क, गाण्यांच्या स्पर्धा, खाजगी वाहिन्याही सहज करतील अशा मालिका यांसाठी सक्तीची वर्गणी का, हा प्रश्न टीकाकार विचारतात तेव्हा त्यांचं चुकत नाही. समर्थकांचं उत्तर असं की फक्त गंभीर कार्यक्रम केले तर पाहणारे उरणार नाहीत, आणि ज्याला कोणी पाहत नाही त्याचा इशारा संकटातही कोणी ऐकणार नाही. उत्तरात तथ्य आहे, पण ते कितीही ताणता येतं, म्हणून मला ते पुरेसं वाटत नाही. कोणत्या कामासाठी किती पैसा, हे कायद्यात लिहिलेलं असावं.

ज्याला परवडत नाही, त्याचं काय?

घरटी वर्गणीतला सर्वात मोठा दोष आकडेमोडीत दिसतो. महिना १,२०० युरोंवर गुजराण करणाऱ्या एकट्या माणसाला १८.३६ युरो म्हणजे उत्पन्नाचा सुमारे दीड टक्का. महिना ६,००० युरो मिळवणाऱ्या घराला तेच ०.३ टक्के. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला जेवढी वर्गणी, तेवढीच चार कमावत्या माणसांच्या बंगल्याला. जर्मनीत सामाजिक मदतीवर जगणाऱ्यांना माफी आहे आणि काही दिव्यांगांना एक तृतीयांश दर लागतो, पण मदतीच्या रेषेच्या किंचित वर असलेला माणूस पूर्ण वर्गणी भरतो. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये घरटी वर्गणी वैध ठरवली, फक्त दुसऱ्या घरासाठी पुन्हा वसुली करू नये असं सांगितलं. वैध ठरली म्हणजे न्याय्य ठरली असं मात्र मी मानत नाही.

ब्रिटनमध्ये तर गोष्ट याहून पुढे गेलेली आहे. तिथे परवाना न घेता टीव्ही पाहणं हा फौजदारी गुन्हा आहे, दंड १,००० पौंडांपर्यंत. परवाना आहे १७० ते १८० पौंडांच्या घरात, आणि तो चुकला म्हणून माणूस आरोपी होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी बरीच प्रकरणं बंद दाराआड, एकच न्यायदंडाधिकारी कागदपत्रं पाहून निकाली काढतो. आरोपी समोर नसतो, आणि त्याचं आजारपण, कर्ज, घरातली अडचण यांविषयी त्याने काही लिहून पाठवलं नसेल तर ते कोणालाच कळत नाही. दोषी ठरणाऱ्यांत साधारण दहापैकी सात स्त्रिया असतात. वसुली करणारा माणूस दिवसा दार ठोठावतो, तेव्हा घरी बहुतेक वेळा बाई असते, आणि मुलांना एकटीने सांभाळणाऱ्या घरांत पैशांची ओढाताण जास्त असते, ही त्यामागची कारणं सांगितली जातात. ज्या संस्थेने सगळ्यांसाठी असायचं, तिच्या नावाने सगळ्यात अडचणीतल्या बायकांवर गुन्हे दाखल व्हावेत हे मला सहन होत नाही. वीजबिल थकलं तर आपण कोणाला गुन्हेगार म्हणत नाही; इथे का म्हणावं?

जपानमध्ये कायद्याने टीव्ही संच असलेल्याला एनएचकेशी करार करावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ही सक्ती घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. पण न भरणाऱ्यावर फौजदारी कारवाई नाही. दिवाणी दाव्यातूनच वसुली करावी लागते. तरीही साधारण ८० टक्के भरतात. चीडही मोठी आहे, इतकी की एनएचकेपासून जनतेचं रक्षण करण्याच्या एकाच मुद्द्यावर उभ्या राहिलेल्या पक्षाने २०१९ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहात जागा जिंकली. म्हणजे फौजदारीचा बडगा नसला तरी पैसा येतो, आणि लोकांचा राग मतपेटीतून बाहेर पडतो. मला ही स्थिती ब्रिटनपेक्षा निरोगी वाटते.

अजून एक आक्षेप आहे, आणि त्याचं उत्तर सर्वात अवघड आहे. ‘ही वाहिनी माझ्या विचारांच्या विरुद्ध आहे, मी माझ्याच विरोधकाला पैसे का पुरवू?’ गंमत म्हणून कोणी असं म्हणत नाही, अनेक देशांत लाखो लोकांची ही प्रामाणिक भावना आहे. तिला ‘तुमचा गैरसमज आहे’ म्हणून झटकून टाकणाऱ्या संपादकांनी संस्थेचं जितकं नुकसान केलंय तितकं विरोधकांनी केलं नसेल. भर म्हणून संस्थांचे स्वतःचे प्रताप असतात. २०२२ मध्ये बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या आरबीबी या सार्वजनिक केंद्राच्या प्रमुखांना कार्यालयाच्या सजावटीवरचा खर्च, महागडी मोटार अशा आरोपांच्या वादळात पद गमवावं लागलं. सक्तीने गोळा केलेल्या पैशाचा असा वापर झाल्याचं ऐकलं की पुढच्या पत्राकडे माणूस कोणत्या नजरेने पाहील? यावर मला एकच उपाय दिसतो: खर्चाचा पैन्‌पैचा हिशेब उघडा ठेवणं आणि तक्रार ऐकणारी यंत्रणा संस्थेच्या बाहेर असणं.

मग सरळ सरकारी तिजोरीतून का नको?

गरिबांवर भार नको असेल तर सगळ्यात सोपा उपाय अर्थसंकल्पाचा. कर उत्पन्नानुसार असतो, वेगळी वसुली यंत्रणा लागत नाही, दारात कोणी येत नाही. अनेक देश याच वाटेने गेले. मीही बराच काळ याच बाजूला झुकत असे, पण गेल्या पंधरा वर्षांतल्या घडामोडी पाहता ही वाट धोक्याची वाटते.

अमेरिकेत १९६७च्या कायद्याने सार्वजनिक रेडिओ-टीव्हीला मदत देणारं महामंडळ स्थापन झालं. तिथे घरटी शुल्क कधीच नव्हतं, संसद पैसे मंजूर करायची. राजकीय ढवळाढवळ टाळावी म्हणून ते दोन वर्षं आगाऊ मंजूर होत. जुलै २०२५ मध्ये संसदेने पुढच्या दोन वर्षांसाठी आधीच मंजूर असलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर एका विधेयकाने काढून घेतले आणि महामंडळाला गाशा गुंडाळण्याची घोषणा करावी लागली. या पैशाचा मोठा हिस्सा राजधानीतल्या नावाजलेल्या कार्यक्रमांना जात नव्हता, तो देशभरच्या स्थानिक केंद्रांना जात होता. त्यातल्या ग्रामीण केंद्रांचं कंबरडं मोडलं. हंगेरीने २००२ मध्ये घरटी शुल्क रद्द करून पैसा अर्थसंकल्पातून द्यायला सुरुवात केली, आणि २०१० नंतर तिथल्या सार्वजनिक वाहिन्या एका छताखाली आणून त्यांचं सरकारी भोंग्यात रूपांतर झालं. शुल्क गेलं म्हणूनच तसं झालं असं कोणी म्हणणार नाही. पण अडवायला काही उरलं नव्हतं, एवढं नक्की.

याच्या उलट जर्मनीची मांडणी बघा. नाझी राजवटीने रेडिओ हे प्रचाराचं हत्यार म्हणून वापरलं होतं. म्हणून युद्धानंतर प्रसारण हे केंद्र सरकारच्या हाती द्यायचं नाही, प्रांतांकडे ठेवायचं, असं ठरलं. तरी चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या सरकारने १९६० मध्ये स्वतःच्या नियंत्रणातली टीव्ही कंपनी काढली. प्रांत न्यायालयात गेले आणि १९६१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती कंपनी घटनाबाह्य ठरवली. आज वर्गणीची रक्कम अशी ठरते: वाहिन्या आपली गरज सांगतात, सोळा प्रांतांनी प्रत्येकी एक असे नेमलेले सोळा तज्ज्ञ ती तपासून, कापून, आकडा सुचवतात, आणि मग सगळ्या सोळा विधानसभांनी तो संमत करायचा. ‘कार्यक्रम आवडला नाही म्हणून पैसे कापले’ असं करायला विधानसभांना मनाई आहे. २०२० च्या शेवटी झाक्सन-आनहाल्ट प्रांताने महिना ८६ सेंटची वाढ अडवली. न्यायालयाने २०२१ च्या उन्हाळ्यात सांगितलं की एकट्या प्रांताने अशी अडवणूक करणं प्रसारण स्वातंत्र्याचा भंग आहे, आणि वाढ लागू केली. ८६ सेंटवरून देशाच्या सर्वोच्च घटनापीठापर्यंत जाणं काहींना हास्यास्पद वाटेल. मला ते अत्यंत आवश्यक वाटतं, कारण आज ८६ सेंट अडवता आले तर उद्या कोणती बातमी द्यायची नाही याची अट घालता येते. ही व्यवस्थाही पुरती निभावली जात नाही, हे सांगायला हवं: तज्ज्ञांनी २०२५ पासून १८.९४ युरो सुचवले, प्रांतांनी वेळेत निर्णय घेतला नाही आणि वाहिन्यांना पुन्हा न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं.

नुसतं शुल्क ठेवलं की स्वातंत्र्य आपोआप टिकतं असंही नाही. ग्रीसमध्ये ईआरटी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं शुल्क वीजबिलातून येत होतं. तरी ११ जून २०१३ ला सरकारने बंदची घोषणा केली आणि त्याच रात्री पडदे काळे झाले. ती पूर्ववत सुरू व्हायला दोन वर्षं लागली. दक्षिण कोरियात केबीएस या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं शुल्क १९८१ पासून महिना २,५०० वॉनवर गोठलेलं आहे, आणि २०२३ मध्ये सरकारने ते वीजबिलातून वेगळं काढून संस्थेचं उत्पन्न एका अध्यादेशाने डळमळीत केलं. ब्रिटनमध्ये २०१० आणि २०१५ साली सरकार आणि बीबीसी यांच्यात बंद खोलीत वाटाघाटी झाल्या. पहिल्या वेळी शुल्क कित्येक वर्षांसाठी गोठवलं आणि परदेशांसाठीच्या वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च बीबीसीच्या गळ्यात घातला, दुसऱ्या वेळी ७५ वर्षांवरच्या वृद्धांना सरकारने दिलेल्या सवलतीचं ओझंही तिच्यावरच टाकलं. परिणाम असा की २०२० पासून बहुतेक वृद्धांची सवलत गेली आणि शिव्या मात्र बीबीसीने खाल्ल्या.

म्हणून मला वाटतं, ‘शुल्क की कर’ एवढ्याच पर्यायांत अडकून पडलं की वाद भरकटतो. वसुली कशी करायची आणि रक्कम कोणी ठरवायची हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या देशांकडून उचलता येतात. वसुली फिनलंडसारखी असावी: ठराविक उत्पन्नाच्या खाली शून्य, त्यावर अडीच टक्के, आणि वर्षाला १६० युरोंच्या आसपास कमाल मर्यादा. श्रीमंतालाही भीती नको, गरिबालाही भार नको. स्वीडनसारखा हा पैसा सर्वसाधारण अर्थसंकल्पात न मिसळता स्वतंत्र खात्यात जावा आणि तिथून अनेक वर्षांच्या मुदतीसाठी वाटला जावा. रक्कम जर्मनीसारख्या तज्ज्ञ मंडळाने सुचवावी आणि तिला हात लावायचा तर संसदेला लेखी कारणं द्यावी लागावीत, जी न्यायालयात तपासता येतील. थकबाकी ही इतर कोणत्याही करासारखी वसूल व्हावी, तिला गुन्हा म्हणू नये.

सक्तीची वर्गणी लोक मनापासून स्वीकारणारच नाहीत, हा समज मात्र स्वित्झर्लंडने खोडून काढला. ४ मार्च २०१८ ला तिथे शुल्क पूर्ण रद्द करण्याच्या प्रस्तावावर सार्वमत झालं. तेव्हा घरटी शुल्क ४५१ फ्रँक होतं, जगातल्या सर्वात महागांपैकी. मोहीम जोरदार होती, युक्तिवाद सोपा होता: ज्याला हवं त्याने भरावं. ७१.६ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. पण सरकारने त्या कौलाचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असा घेतला नाही. २०१९ मध्ये शुल्क ३६५ फ्रँक झालं, २०२१ मध्ये ३३५, आणि पुढे ३०० पर्यंत उतरवण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. दक्षिण आफ्रिकेत याच्या उलट घडलं. तिथे एसएबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा वार्षिक परवाना अवघा २६५ रँड, तरी दहापैकी आठांहून जास्त परवानाधारक तो भरत नाहीत. कायदा दोन्हीकडे आहे. फरक असा की स्विस मतदाराला आपण कशाचे पैसे देतोय हे सांगितलं गेलं आणि नाही म्हणायची संधी दिली गेली.

बीबीसीची सध्याची सनद, म्हणजे ज्या दस्तऐवजाच्या आधारावर ती चालते तो, ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या देशाने परवान्याची ही पद्धत रूढ केली, तिथे आता ती ठेवायची, बदलायची की मोडायची हे नव्याने ठरणार आहे. या वेळी निदान वाटाघाटी बंद खोलीत होऊ नयेत, आणि परवाना थकलेल्या बाईवर खटला भरण्याची तरतूद सगळ्यात आधी काढून टाकावी.